नागपूर: रोजची गाडी आणि हौशी ऑटोक्रॉस, दोन्हीला पुरतील असे परवडणारे टायर कोणते?

रामटेकरोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची स्विफ्ट झेडएक्सआय पेट्रोल, टायर साइज १८५/६५ आर१५ ८८. सध्याच्या टायरची नक्षी ३ मिमीवर आली आहे. रोजची धाव मनीषनगर ते हिंगणा एमआयडीसी, अधूनमधून समृद्धी महामार्ग, आणि हिवाळ्यात ऑटोक्रॉसमध्ये (छोट्या वळणदार मार्गावर घड्याळाविरुद्ध गाडी पळवायची स्पर्धा) उतरायचा विचार. चार टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून ३० हजारांत बसवायचं आहे. साइज वाढवावा का, कोणतं मॉडेल घ्यावं आणि स्पर्धेच्या दिवशी हवा किती ठेवावी, हे समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

टॉर्करेंच

भाऊ, मॉडेलच्या आधी एक ठरवा: ऑटोक्रॉस मातीवर की डांबरावर? आपल्याकडे बहुतेक ऑटोक्रॉस मोकळ्या मैदानावर, मातीत होतात. तिथे रुंद, बारीक खाचांचा रस्त्याचा टायर पहिल्या दोन वळणांतच मातीने भरतो आणि मग नक्षी असून नसल्यासारखी. मातीला अरुंद टायर आणि मोठ्या, मोकळ्या खाचा लागतात, म्हणजे कडा खाली रुतून धरतात. डांबराला उलट हवं: सलग खांदा (नक्षीची बाहेरची कड), नक्षीचे मोठे ठोकळे, कडक साइडवॉल (टायरची बाजूची भिंत).

एकच सेट दोन्हीला उत्तम चालत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: ३० हजारांतला मोठा वाटा रस्त्याच्या टायरवर घाला, आणि निवड ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगवर करा. वर्षातले मोजके दिवस स्पर्धेचे आणि बाकीचे सगळे रस्त्याचे. स्पर्धेतला वेळ हवा, अलाइनमेंट आणि सरावातून कमी होतो, आणि त्याला पैसे फार लागत नाहीत.

साइजचं गणित असं. व्यास = रुंदी × प्रोफाइल × २ + रिम. १८५/६५ आर१५ मध्ये रुंदी १८५ मिमी, प्रोफाइल म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी.

१८५/६५ आर१५: ६२१.५ मिमी (मूळ)
१९५/६० आर१५: ६१५ मिमी, म्हणजे १ टक्का कमी
१९५/५५ आर१५: ५९५.५ मिमी, म्हणजे ४ टक्क्यांहून जास्त कमी

१९५/६० बिनधास्त बसतो. रिमची रुंदी ५.५ ते ७ इंच चालते, लोड इंडेक्स ८८ म्हणजे चाकामागे ५६० किलो, मूळच्या इतकाच. साइडवॉल १२० वरून ११७ मिमी होते, त्यामुळे आरामात फरक जाणवत नाही. वळणावर थोडा जाणवतो. १९५/५५ घेऊ नका. त्याचा लोड इंडेक्स साधारण ८५, म्हणजे ५१५ किलो. गाडी १३ मिमी खाली बसते आणि काटा १०० दाखवतो तेव्हा खरा वेग ९६ च्या आसपास असतो.

पाचपावलीपिट

१९५/५५ ला सरसकट नाही म्हणू नये. व्यास कमी झाला की गिअरिंग ४ टक्के आखूड होतं, दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना गाडी जोरात सुटते. डांबरी ऑटोक्रॉसला याचा फायदा आहे.

टॉर्करेंच

फायदा आहे, मान्य. फक्त स्पर्धेसाठी वेगळा सेट असेल तर जरूर वापरा. पण हीच गाडी रोज हिंगण्याला जाणार. सिमेंट रोड संपून डांबर सुरू होतं तिथली पायरी, गट्टूचे पट्टे, गल्लीतले स्पीडब्रेकर या सगळ्यावर कमी साइडवॉलचा टायर रिम आणि काठाच्या मध्ये चिमटला जातो. आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही, तो काढूनच टाकावा लागतो. एका फुग्यात ऑटोक्रॉसचा सगळा फायदा जातो.

सिमेंटरोड

नागपूरच्या रस्त्यांबद्दल दोन गोष्टी, कारण पुण्या-मुंबईचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

पहिली, सिमेंट काँक्रीट. पाणी जावं म्हणून त्यावर आडव्या रेघा मारलेल्या असतात. पकड चांगली मिळते, पण रबर डांबरापेक्षा लवकर घासतं आणि आवाज वाढतो. मऊ कंपाउंडचा (रबराच्या मिश्रणाचा) टायर रोजच्या सिमेंट रोडवर लवकर गोटा होतो.

दुसरी, ऊन. मे महिन्यात हवेचं तापमान ४५ च्या वर गेलं की डांबराचा पृष्ठभाग ६० च्या पुढे जातो. अशा वेळी टायरमध्ये हवा कमी असेल तर साइडवॉल जास्त वाकते, तिथे उष्णता साठते आणि ताशी १२० च्या सलग वेगात टायर फुटतो. समृद्धीवर टायर फुटण्याबद्दल बोलताना लोक काँक्रीटला दोष देतात. काँक्रीटचा वाटा असेल, पण कमी हवा, जास्त वजन, जुना टायर आणि सलग वेग हे चार एकत्र आले की कुठलाही रस्ता पुरतो. उन्हात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे ती नेमकी उलटी आहे. दाराच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो आणि गरम झाल्यावर वाढणारा दाब त्यात आधीच धरलेला असतो.

आता मॉडेल. या साइजमध्ये मी असे गट पाडेन:

ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग आणि शांतपणा: मिशेलिन प्रायमसी ४ एसटी, कॉन्टिनेंटल अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६. दोन्ही चांगले, पण चार घेतले की तुमचं बजेट ताणलं जाईल.
वळणावर ठाम आणि खिशाला झेपणारे: अपोलो अलनॅक ४जी, योकोहामा ब्लूअर्थ-जीटी एई५१.
रोजचा प्रवास आधी, मग बाकी: सिएट सेक्युराड्राइव्ह, गुडइयर अ‍ॅश्युरन्स ट्रिपलमॅक्स २.
टिकाऊपणा सगळ्यात वर: ब्रिजस्टोन स्टर्डो, एमआरएफ झेडएलएक्स. टॅक्सीसारखा वापर असेल तर उत्तम. पण स्पर्धेसाठी पकड हवी असेल तर हे पहिली पसंती नाहीत.

तुमच्या गरजेला अलनॅक किंवा एई५१. दोघांपैकी जो १९५/६० आर१५ किंवा १८५/६५ आर१५ मध्ये ताज्या तारखेचा मिळेल तो. तारखेला मी ब्रँडपेक्षा जास्त महत्त्व देतो.

मधुरा_ऑटो

तारखेबद्दल जोडते. साइडवॉलवर डॉट (DOT) अक्षरांच्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. काही टायरवर हे आकडे एकाच बाजूला असतात, ती बाजू आत गेली तर बसवल्यावर दिसत नाहीत. म्हणून रिमवर चढवण्याआधी चारही तपासा. सहा महिन्यांच्या आतले मागा, वर्षावर गेलेले घेऊ नका. पत्र्याच्या गोदामात दोन उन्हाळे काढलेला टायर दिसायला कोरा असतो, पण रबर कडक झालेलं असतं. नखाने खांद्याची कड दाबून बघा, आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगा शोधा.

आयएसआयची खूण हवीच, कारच्या टायरला ती सक्तीची आहे. पक्कं बिल घ्या. कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, बिलात तोच दर लागलाय का ते वाचा. दुकानदार जुने टायर परत घेत असेल तर त्याची किंमत बिलाबाहेर वेगळी ठरवा, नाहीतर सवलत नेमकी किती मिळाली ते कळतच नाही.

रामटेकरोड

धन्यवाद. परदेशी चर्चांत सगळीकडे "२०० ट्रेडवेअर" वाचतो. तसलं काही इथे मिळतं का?

टॉर्करेंच

ट्रेडवेअर हा अमेरिकेच्या यूटीक्यूजी (टायरचा दर्जा ठरवण्याच्या) पद्धतीतला झिजेचा आकडा. ठरलेल्या मार्गावर सुमारे ११,५०० किमी चालवून टायर संदर्भ-टायरच्या तुलनेत किती झिजला ते मोजतात. आकडा उत्पादक स्वतः जाहीर करतो. २०० म्हणजे १०० वाल्या संदर्भ-टायरच्या दुप्पट टिकणारा. तिकडच्या हौशी स्पर्धांत रस्त्याच्या टायरचा वर्ग "किमान २००" असा आखतात, म्हणून ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस, योकोहामा अ‍ॅडव्हान निओव्हा एडी०९ ही नावं तुम्हाला सारखी दिसतात. दोन कंपन्यांच्या आकड्यांची थेट तुलना करू नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये मात्र तो उपयोगी पडतो.

इथे अडचण आयातीची आहे. जून २०२० पासून नवे टायर आयातीच्या प्रतिबंधित यादीत आहेत, त्यामुळे परवान्याशिवाय आणता येत नाहीत. लहान हॅचबॅकच्या साइजमध्ये असा टायर बाहेरून आला तरी महाग आणि बहुधा जुन्या तारखेचा. ३० हजारांच्या हिशोबात तो विषय सोडून द्या. शिवाय तो थंड आणि ओल्या रस्त्यावर लवकर सोडतो, आणि काळी माती रस्त्यावर पसरलेल्या जुलैमध्ये अगदी नको.

बुटीबोरीकर

काळ्या मातीचा मुद्दा महत्त्वाचा. पहिल्या पावसात ट्रॅक्टर-टिप्परच्या चाकांनी शेतातून आलेली माती डांबरावर साबणासारखी पसरते. तिथे कोणताही टायर फार काही करू शकत नाही, वेग कमी करणं हाच उपाय.

पाण्यासाठी मात्र नक्षीची खोली कामाची. कायद्याने १.६ मिमीला टायर बाद, आणि खाचांतली टीडब्ल्यूआयची (झीज दाखवणारी) उंचवटी तेवढीच असते. पण ३ मिमीच्या खाली पाणी बाहेर फेकण्याची ताकद झपाट्याने कमी होते. ढोबळ सूत्रानुसार खाचांत मावणार नाही इतकं पाणी साचलं तर ३३ पीएसआयचा टायर ताशी ९५ किमीच्या आसपास पाण्यावर तरंगू लागतो. समृद्धीची वेगमर्यादा कारला १२० आहे, पावसात ती आपणच ८० धरावी. धागाकर्त्याचे टायर ३ मिमीवर आहेत, म्हणजे पावसाळ्याच्या आधी बदला.

मधुरा_ऑटो

आणि सगळे चार एकदम घेणं जमत नसेल तर नवी जोडी मागे बसवायची, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलून सावरता येते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते. एका एक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन वेगळी मॉडेल कधीच नकोत.

पाचपावलीपिट

आता स्पर्धेच्या दिवसाची हवा. हे नीट वाचा, इथे फुकटात सेकंद मिळतात.

पंपावरच्या गेजवर भरवसा ठेवू नका, दोन पंपांत ३-४ पीएसआयचा फरक सहज निघतो. स्वतःचा गेज आणि पायाने मारायचा पंप गाडीत ठेवा. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. सकाळी सातला २८ अंशांत ३३ भरले तर दुपारी ४५ अंशांत, गाडी उभी असतानाच, ३६ च्या जवळ जातात. म्हणून आकडा लिहिताना वेळ आणि ऊन-सावलीही वहीत लिहा. एका बाजूची चाकं उन्हात असतील तर डाव्या-उजव्यात फरक दिसतो, तो खरा समजून हवा सोडू नका.

डांबरी ऑटोक्रॉससाठी स्विफ्टसारख्या पुढून चालणाऱ्या गाडीला सुरुवात पुढे ३८, मागे ४० पासून करा. रोजच्यापेक्षा जास्त, कारण रस्त्याच्या टायरची साइडवॉल जोरात वळताना दुमडते आणि खांदा जमिनीला घासतो. मागे थोडी जास्त ठेवली की मागचा भाग वळायला मदत करतो. साइडवॉलवर लिहिलेला कमाल दाब मात्र कधीही ओलांडायचा नाही.

मग खडू. प्रत्येक पुढच्या टायरवर तीन ठिकाणी, नक्षीच्या कडेपासून साइडवॉलवर खाली, बोटभर रुंद रेघ ओढा. खांद्याजवळ छोटा त्रिकोण असतो, तो तुमचा निशाण. एक फेरी मारून या. खडू त्रिकोणापर्यंत पुसला असेल तर हवा बरोबर. त्रिकोणाच्या खाली पुसला असेल तर टायर दुमडतोय, २ पीएसआय वाढवा. त्रिकोणाच्या वरच थांबला असेल तर २ कमी करा. पुन्हा खडू, पुन्हा फेरी. मागच्या टायरचं नंतर बघा: गाडी वळणात सरळ निघून जात असेल तर मागे २ वाढवा, मागचा भाग सुटत असेल तर २ कमी करा. एका वेळी एकाच एक्सलची हवा बदला, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

ऑटोक्रॉसची फेरी छोटी असते, रस्त्याचा टायर त्यात फार तापत नाही. पण एकाच गाडीवर दोघं चालवत असतील तर मधल्या वेळेत फवारणीच्या बाटलीने टायरवर पाणी मारा. ट्रॅक-डे, म्हणजे रेसिंग सर्किटवर स्वतःची गाडी चालवायचा दिवस, वेगळा. चेन्नई किंवा बुद्ध सर्किटवर सलग लॅप मारल्या की तिसऱ्या-चौथ्या लॅपला रस्त्याचा टायर तेलकट वाटू लागतो, ठोकळ्यांच्या कडा तुटून गोळ्या पडतात. तिथे थंड टायरमध्ये ३०-३१ पासून सुरुवात करून बाहेर आल्याबरोबर मोजा. गरम दाब ३६-३८ च्या आसपास राहिला पाहिजे. दोन जोरदार लॅप, एक हळू.

मैदानातल्या मातीवर ३०-३२ पुरे. त्याहून कमी केली तर दगडावर रिम वाकते, नाहीतर वळणात टायर रिमवरून उतरतो.

रामटेकरोड

नायट्रोजन भरून घेऊ का? पेट्रोल पंपावर आग्रह करतात.

सिमेंटरोड

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहेच. कोरडी हवा आणि नायट्रोजन तापल्यावर जवळपास सारखेच वाढतात. खरा फरक ओलाव्याने पडतो. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असेल तर त्या हवेचा दाब उन्हात वेडावाकडा वाढतो. टाकी रोज रिकामी करणाऱ्या दुकानातून हवा भरा, तेवढं पुरे. नायट्रोजन असला म्हणून पंधरवड्याची तपासणी चुकवता येत नाही.

टॉर्करेंच

अलाइनमेंट राहिलं. स्विफ्टला कंपनीकडून पुढे फक्त टो, म्हणजे वरून बघताना चाकांचा आत-बाहेर कल, बदलता येतो. कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा तिरपेपणा) ठरलेला, आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) असल्याने तिथे काहीच फिरवता येत नाही. रस्त्यासाठी टो शून्याजवळ ठेवा. स्पर्धेसाठी एकूण १ मिमी बाहेर दिला तर स्टिअरिंग पटकन ऐकतं, पण रोज तसाच ठेवला तर आतल्या कडा खातो. कॅम्बर हवा असेल तर स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअपच्या) खालच्या टोकाच्या बोल्टपैकी एकाच्या जागी कॅम्बर बोल्ट येतो, त्याने एक-सव्वा अंश मिळतो. खडू बाहेरच्या कडेला सारखा खाली जात असेल आणि हवा वाढवूनही थांबत नसेल, तेव्हाच त्यात पडा.

अलाइनमेंटच्या आधी लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड हलवून बघायला सांगा. ढिलं असेल तर मशीनवरचे हिरवे आकडे गाडी बाहेर पडेपर्यंतच खरे. जुने टायर टाकण्याआधी त्यांची झीज वाचा: मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर कमी, एकाच कडेला तर कॅम्बर किंवा टो, आणि खड्डे-खड्डे पडले तर शॉकअप गेलेत. शॉकअप गेले असतील तर नवे टायरही तसेच खराब होतील, आधी तिथे पैसे घाला.

नट गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. हाताने बसवून घ्या, मग चाक जमिनीला टेकल्यावर तिरप्या क्रमाने टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्याला. ५०-१०० किमीनंतर परत एकदा.

नव्या टायरवर साच्याचं तेलकट आवरण असतं. पहिले दोनशे किमी सौम्य चालवा, ब्रेक जोरात नको. पूर्ण ८ मिमी नक्षीचा कोरा टायर कोरड्या स्पर्धेत नेऊ नका. उंच ठोकळे डुलतात आणि तापून तुटतात. ४-५ मिमीवर आलेला टायर कोरड्या डांबरावर जास्त ठाम चालतो. म्हणून पावसाळ्याआधी घेतलेला सेट हिवाळ्यापर्यंत रुळतो, हा क्रम तुमच्या फायद्याचा आहे.

बुटीबोरीकर

मातीसाठी स्वस्त उपाय. स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर१४ येतो. व्यास ६१९.६ मिमी, म्हणजे तुमच्या १८५/६५ आर१५ पेक्षा दोन मिमीनेच कमी. अलॉय बसवणारे लोक १४ इंची स्टील रिम विकून टाकतात, अलॉयच्या दुकानांत आणि भंगारात मिळतात. चार रिमवर त्याच साइजचे मोकळ्या नक्षीचे टायर चढवा, हा झाला मातीचा सेट. अरुंद, उंच साइडवॉलचा, आणि रिम वाकली तर हातोड्याने सरळ होते.

घेताना तपासा: पीसीडी (नटांच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिमीत) ४×१००, मधलं भोक ५४.१ मिमी, नट एम१२×१.२५. रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवून वाकडी आहे का बघा. बसवल्यावर चाक हाताने फिरवून ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून प्लास्टिकला लागत नाही ना, हे दोन्ही बघा. स्टील आणि अलॉयचे नट वेगळे असू शकतात. टोकाचा उतार रिमच्या खाचेत बसला नाही तर चाक ढिलं होतं.

मधुरा_ऑटो

कागदांचं थोडक्यात. नेहमीच्या मोटार पॉलिसीत स्पर्धा आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, तिथलं नुकसान स्वतःचं. टायरची वॉरंटीही स्पर्धेत गेलेल्या टायरला मिळत नाही. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाच्या) मान्यतेची स्पर्धा असेल तर लायसन्सचे आणि टायरच्या वर्गाचे नियम टायर घेण्याआधी वाचा. आणि सराव रिंग रोडवर नको: सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्यांदाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

रामटेकरोड

खूप उपयोगी. मग ठरलं: पावसाळ्याआधी १९५/६० आर१५ चे चार, आणि स्पर्धा मातीवर असेल तर १४ इंची सेट जमवतो. शेवटचा प्रश्न, पंक्चर झालेला टायर स्पर्धेत चालतो का?

पाचपावलीपिट

बाहेरून दोरी घातलेला नाही. जोरात वळताना ठोकळे हलतात आणि दोरी निसटते. टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छिद्रात बसणाऱ्या देठासकट पॅच) लावलेला, आणि छिद्र नक्षीच्या मधल्या भागात असेल, तर रस्त्यावर निर्धास्त वापरा, स्पर्धेत मागच्या चाकाला द्या. खांद्यात किंवा साइडवॉलला पंक्चर असेल तर तो टायर रस्त्यावरूनही बाद. पंक्चर-रोधक जेल भरू नका. ते तळाला साचून चाकाचं संतुलन बिघडवतं आणि नंतर पॅच चिकटत नाही. फेरीआधी व्हॉल्व्हची टोपणं मात्र घट्ट लावा, मैदानातली धूळ पिनमध्ये गेली की हवा हळूहळू उतरते आणि खडूचा सगळा हिशोब चुकतो.